बोलणं बंद, नळ चालू

आमच्या घरात कुठलीही गोष्ट एकदा बोलून भागत नसे. "जेवायला चला," म्हटलं की आमचे हे म्हणायचे, "जेवायला येतो." "येताना मीठ आणा." "येताना मीठ आणतो." लग्न होऊन मी तळेगावहून खंडाळ्याला आले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, नवरा आपल्याला वेडावतोय. एक दिवस माझं डोकं फिरलंच. म्हटलं, "मी बोलते ते तुम्हाला कळत नाही का?" तर आमटीत भाकरी कुस्करत शांतपणे म्हणाले, "कळतं की. पण मला कळलं, हे तुला कसं कळणार?"

हे खंडाळा स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर होते. साठच्या आसपासची गोष्ट. त्यांच्या टेबलाशी एक लाकडी पेटी असायची, तिच्यावर घंटी, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला पुढच्या स्टेशनात तशीच दुसरी पेटी. दोन स्टेशनांचं बोलणं ठोक्यांनी चालायचं. आधी एक ठोका द्यायचा, म्हणजे 'लक्ष आहे का'. तिकडून एक ठोका परत आला की मग पुढचे, एकामागून एक. किती ठोके म्हणजे कुठली गाडी, हे ठरलेलं असे. ऐकणाऱ्यानं तेवढेच ठोके परत वाजवायचे, आणि ते परत आल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. दिवसभर हे करून माणूस घरी आला की त्याच्या अंगात तेच भिनलेलं. मी मीठ सांगायची आणि मला मिठाचा ठोका परत यायचा.

आमची क्वार्टर दगडी भिंतींची होती. भिंती अशा जाड की शेजारी कुणी बोंब मारली तरी आमच्या घरात आमटीचा रटरटाटच ऐकू यायचा. एका भिंतीपलीकडे स्टेशनातला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, त्याची बायको आणि त्याची आई राहायची. खरं तर मास्तरांची क्वार्टरं वेगळी असायची, पण तेव्हा जागांची टंचाई होती, म्हणून आम्हाला ओळीतलं टोकाजवळचं घर मिळालं होतं आणि त्यांना अगदी टोकाचं.

ती पॉइंट्समनची बायको माझी मैत्रीण झाली. तिचं सासर तिकोणा पेठेकडचं, माहेरही त्याच बाजूचं. मला ती ताई म्हणायची, वयानं माझ्याएवढीच असून. आवाज इतका हळू की तिचं बोलणं ऐकायला मला भांडी घासणं थांबवावं लागे. मी आले त्या थंडीत आमची गट्टी जमली. दुपारी मागच्या दारच्या दगडी गडग्यापाशी उन्हात बसायचं, ती मला नाचणीचे पापड शिकवायची आणि मी तिला स्वेटर.

एकदा पापड लाटता लाटता तिनं मला तिच्या पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं. ते दिवस भाताच्या लावणीचे. सासू गावाला गेलेली, नवरा ड्यूटीवर, आणि हिला भरदुपारी अवेळी कळा सुरू झाल्या. "हाका मारल्या वो ताई, लय मारल्या. पर माजा आवाज ह्यो असा. वरनं पाऊस, वरनं गाडी. नवरा आला तवर समदं झालतं." मूल गेलं होतं. आता पुन्हा दिवस राहिले होते. मला म्हणाली, "दुखायची भीती न्हाई मला. हाक मारीन आन कुनाला ऐकूच जानार न्हाई, त्याची वाटती." मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हटलं, मी इथे भिंतीला भिंत लावून बसलेय, मला ऐकू येईल. मनापासून म्हटलं होतं मी ते.

आणि मग माघात मी तिच्या सासूशी भांडले.

भांडण पाण्याचं. स्टेशनाच्या टाकीचं पाणी सकाळी थोडा वेळ यायचं. लोखंडी नळ आधी आमच्या मोरीत यायचा, तिथून भिंतीखालून बाहेर पडून पलीकडे त्यांच्या मोरीत शिरायचा. आमची तोटी उघडली की त्यांच्या तोटीला नुसती हवा. त्या दिवशी मी ह्यांचे पांढरे कोट धूत बसले होते. म्हातारी मागच्या दारी आली, कमरेवर रिकामी कळशी, आणि म्हणाली, "ए बये, नळ काय तुज्या बापाचा हाय का?"

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर, आजही आहे. मी म्हटलं, "बापाचा नाही, सरकारचा आहे. आणि सरकारनं आधी माझ्या मोरीत आणलाय." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण जीभ सुटली होती. पुढे म्हटलं, "तुम्ही एकेका तांब्याला चिंच लावून आरशागत घासत बसता, तेव्हा पाणी पुरतं वाटतं?" तांब्यांवर बोलायला नको होतं. तिची ती भांडी म्हणजे तिचा जीव की प्राण. म्हातारीनं कळशी दाणकन खाली ठेवली आणि सुनेला बाहेर बोलावलं. "आजपून ह्या घरातल्या बायकांनी हिच्याशी बोलायचं न्हाई. मी न्हाई आन तू बी न्हाई. माज्या गळ्याची आन हाय तुला." माझ्या मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि शपथ घेतली. मीही ताठ मानेनं म्हटलं, "नका बोलू. माझ्या घशाला काही कोरड पडलेली नाही."

संध्याकाळपर्यंत पडली. दुसऱ्या दिवशी तर दुपार खायला उठली. मला वाटलं होतं, म्हातारीचा डोळा चुकवून ही बोलेल. पण ती शपथ पाळणारी निघाली. गडग्यापाशी यायची, हसायची, ओठ घट्ट मिटून पापडाचं पीठ पुढे करायची आणि आत पळायची. मी एकटी बोलत राहिले तर कानावर हात ठेवायची. पुरुषांना मात्र बंदी नव्हती. तिचा नवरा स्टेशनात ह्यांना म्हणायचा, "मास्तर, आमच्या घरी बी लाल सिग्नल लागलाय," आणि दोघे हसायचे. मला हसू येत नव्हतं. तिचे दिवस भरत चालले होते, आणि मी दिलेला शब्द त्या जाड भिंतीच्या अलीकडे अडकून पडला होता.

मग एका सकाळी पाणी येईना. नळ नुसता खोकत होता. मी चिडून हातातलं उलथनं नळावर दोनदा आपटलं. पलीकडून दोन ठोके आले. लोखंडातून इतके स्पष्ट आले की मी दचकून मागे सरले. मग तीन दिले. तीन आले. मोरीत ओल्या फरशीवर बसकण मारून मी हसत सुटले. तीही रेल्वेतल्याच माणसाची बायको होती. ठोका आला की तो परत द्यायचा असतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि ठोकणं म्हणजे काही बोलणं नव्हे, शपथ जिथल्या तिथे राहिली.

ठोक्यांचे अर्थ नवऱ्यांच्या मार्फत ठरले. एक ठोका म्हणजे 'आहेस का'. दोन म्हणजे पाणी: मी दिले तर 'सोडते, भरून घे', तिनं दिले तर 'सोड'. तीन म्हणजे 'म्हातारी शेण-लाकडाला गेलीय, चहाला गडग्यापाशी ये'. चार म्हणजे 'ये, लगेच ये'. ते चार फक्त त्या एका दिवसासाठी ठेवायचे, थट्टेत सुद्धा वाजवायचे नाहीत, असा तिचा निरोप आला. ह्यांनी तो मला सांगताना आवाज खाली घेतला होता.

वाटतं तितकं हे सोपं नव्हतं. मी सगळं घाईनं करणारी. माझे तीन ठोके म्हणजे कढईत मोहरी तडतडल्यासारखे. तिचे तीन म्हणजे एक आत्ता, दुसरा जरा पदर सावरून, आणि तिसरा चुलीत लाकूड सारून झाल्यावर. एकदा तिनं चहाचे तीन दिले. मला वाटलं दोन आणि एक. म्हणून मी तोटी बंद करून तिला पाणी सोडलं, मग 'आहेस का' ला 'आहे' म्हणून एक ठोका दिला आणि स्वस्थ बसले. ती तिकडे गडग्यापाशी दोन कप धरून उभी. चहा निवाला, ती रुसली, आणि तिचा नवरा स्टेशनात ह्यांना म्हणाला, "वैनींना सांगा, आमची म्हनती असली मैत्रीन नगं."

ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "दोघींचा वेग एक नको का? दोन ठोक्यांच्या मध्ये किती थांबायचं, ते आधी ठरवा." घड्याळ त्यांच्या घरात नव्हतं आणि आमच्यातलं ह्यांच्या मनगटावर असायचं. मग तोडगा निघाला तो असा की मनात एकदा 'राम' म्हणायचं आणि पुढचा ठोका द्यायचा. 'राम राम राम' इतका वेळ शांत गेला की निरोप संपला. पण आमचे रामही सारखे नव्हते. माझा तळेगावचा राम चटकन येऊन जायचा, तिचा तिकोण्याचा राम डोंगर चढून यायचा. शेवटी मीच तिच्या रामाला धरून चालायला शिकले. आयुष्यात मी कुणासाठी एवढी सावकाश झाले नाही, ह्यांच्यासाठी तर नाहीच.

राहता राहिली म्हातारी. ती जवळ आली की आमचं ठोकणं थांबायला हवं, म्हणून तिचीही एक खूण लागणार होती. नाव तिला आधीच पडलं होतं, माझ्याकडूनच. बोरघाटात गाडी वर चढवायला पुढच्या इंजिनाचं बळ पुरत नाही, म्हणून मागून आणखी इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. गाडीतल्या माणसांना ती दिसत नाहीत, पण मागून ढकलणं चालूच. म्हातारी घरात तशीच होती. कधी पुढे यायची नाही, पण मुलाला, सुनेला, कोंबड्यांना मागून सतत ढकलत असायची. तर बँकरची खूण ठरली तीन झटपट ठोके आणि एक जड. ती वाजली की त्या टोकाला म्हातारी आलीय, आता गप्प. आणि मी विचारलं नि काहीच उत्तर आलं नाही, तरी तेच समजायचं, की म्हातारी शेजारीच उभी आहे, सुनेला खूण द्यायलाही सवड नाही.

हा शेवटचा नियम मी ह्यांना सांगितला तेव्हा ह्यांना तो आवडला नाही. म्हणाले, "उत्तर नाही याचा अर्थ निरोप पोचला नाही. दुसरा अर्थ लावू नये." मी म्हटलं, "तुमच्या तारेच्या टोकाला सासू नसते." ह्यांनी ते परत म्हटलं नाही, त्यामुळे मला वाटलं मी जिंकले.

असा फाल्गुन गेला, चैत्र गेला. आमच्या मोरीतला नळ उलथन्यानं एका जागी चकचकीत झाला, म्हातारीच्या तांब्यांसारखा. सकाळी उठल्यावर पहिला एक ठोका मी द्यायची, दिवे लागायच्या आत शेवटचा ती द्यायची. कधी कधी काही सांगायचं नसताना सुद्धा एक द्यायचा नि एक घ्यायचा. मला त्याची इतकी सवय झाली की माहेरी चार दिवस गेले तेव्हा आईच्या नळावरही मी ठोकून बघितलं. आईनं विचारलं, नळाला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही, बिचाऱ्याला बोलता येत नाही.

वैशाखात पाणी आणखी कमी झालं, आणि त्यातच दोन मोऱ्यांच्या मधला नळ गळायला लागला. तो बाहेरचा एवढासा तुकडा गंजून गेला होता, आणि मागच्या दारी सगळा चिखल. माझ्या मैत्रिणीला नववा लागून बरेच दिवस झालेले. बायको घसरेल म्हणून तिच्या नवऱ्यानं एका सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी तो गंजका तुकडा करवतीनं कापून काढला आणि मध्ये काहीतरी बसवून गळती थांबवली. मला आतून नुसती खरखर ऐकू आली. पाणी यायला लागलं, चिखल वाळला, आणि मी मनात म्हटलं, गुणी आहे हो मुलगा.

दुपारी जेवण उरकून मी एक ठोका दिला. उत्तर नाही. म्हटलं, म्हातारी उभी असेल. थोड्या वेळानं पुन्हा दिला. नाही. मला जरा राग आला. ही बाई आज तिथून हलत का नाही, शेण-लाकडाला जात का नाही. मी मुद्दाम जोरात एक दिला, ऐकू दे तिलाही. काही नाही. मग मी चडफडत गव्हातले खडे वेचायला बसले. पण सूप काही नीट चालेना. दर थोड्या वेळानं मान मोरीकडे वळायची.

तेवढ्यात पुढच्या दारावर आवाज झाला. कडी नव्हे, हाकही नव्हे. लाकडावर लोखंड. तीन झटपट आणि एक जड.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. दारात म्हातारी उभी होती. केस सुटलेले, पदर खोचलेला, हातात काळं उलथनं. भांडणानंतर तिनं माझ्या उंबऱ्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नव्हतं. आणि आता माझ्या चौकटीवर ती स्वतःचीच खूण वाजवत होती, आम्ही तिला पाडलेली. म्हणजे तिला ठाऊक होतं. बँकर ठाऊक होतं, तीनचा चहा ठाऊक होता, सगळं. चोरी पकडली गेल्यावर होतं तसं माझं तोंड झालं असणार. मी काहीतरी बोलायला गेले, पण तिनं ओठ घट्ट मिटलेले होते आणि डोळे माझ्यावर रोखलेले. तिनं उलथनं उचललं आणि चौकटीवर चार ठोके दिले. सावकाश, दोन ठोक्यांमध्ये एकेक राम ठेवून.

मी धडपडत उठले. गहू सांडले. ती मात्र हलेना. दारात उभीच, माझ्या हाताकडे बघत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दाराच्या फळीवर बोटांच्या पेरांनी चार ठोके परत दिले. ते ऐकल्यावरच ती वळली आणि पळाली. तिच्या मागे मी.

आत माझी मैत्रीण गोधडीवर आडवी होती, घामानं भिजलेली. हातात उलथनं, आणि मोरीतल्या नळावर ताजे ओरखडे. पुढे तिनं सांगितलं, कळा सुरू झाल्यावर तिला काही सुचेना, तेव्हा म्हातारीच म्हणाली होती, "आता ठोक की नळ. रोज ठोकतीस न्हवं?" चार, पुन्हा चार, पुन्हा चार तिनं दिले होते, आणि पलीकडून काहीच नाही. तिला वाटलं, पुन्हा तेच झालं. हाक मारली आणि ऐकू गेलीच नाही. मला बघितल्यावर तिनं माझा हात असा धरला की बांगडी वाढवली. पण बोलली नाही. त्या अवस्थेतही सासूच्या गळ्याची शपथ होती.

मी स्टेशनाकडे धावले. हे खिडकीशी होते. म्हटलं, "लोणावळ्याहून नर्सबाईंना बोलवा. आत्ताच्या आत्ता." हे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "लोणावळ्याहून नर्सबाईंना बोलावतो. आत्ताच्या आत्ता." लग्न झाल्यापासून ज्या सवयीनं माझं डोकं उठायचं, तिनं त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. तिचा नवरा प्लॅटफॉर्मवर हिरवं निशाण हातात घेऊन उभा होता, पांढराफटक. मी त्याला तिथेच थांबायला सांगितलं, नाहीतर गाडीला निशाण कोण दाखवणार.

घाटावर गाडी पोचवून एक बँकर लोणावळ्याहून रिकामं परत खाली निघालं होतं. नर्सबाई त्याच्यात बसून आल्या, पिशवी मांडीवर घेऊन, ड्रायव्हरच्या शेजारी. ते नियमात बसतं की नाही, हे मी ह्यांना विचारलं नाही आणि ह्यांनीही आपणहून सांगितलं नाही.

त्या येईपर्यंत आणि आल्यावरही म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गरम पाणी हवं की ती माझ्याकडे बघून कळशीवर दोन ठोके द्यायची. मी हंड्यावर दोन परत देऊन पाणी आणायला पळायची. अशाच एका फेरीला मागच्या दारी मला तो नळ दिसला. लोखंड, मग वीतभर काळी रबराची नळी, दोन्हीकडे तारेनं आवळलेली, मग पुन्हा लोखंड. सकाळी पाणी झकास गेलं होतं. ठोका मात्र त्या रबरात जाऊन मरत होता. दुपारभर ती तिकडून आणि मी इकडून ठोकत होतो, आणि मध्ये तिच्या नवऱ्यानं प्रेमानं बसवलेली ती नळी. मी पाण्याचा हंडा घेऊन आत गेले. नर्सबाईंनी आम्हा दोघींची ठोकाठोकी पाहून मला हळूच विचारलं, "आजी मुक्या आहेत का?" मी म्हटलं, "नाही हो, भांडण आहे."

दिवस कलला तेव्हा मूल झालं. मुलगी. आणि ती रडेना.

नर्सबाईंनी तिला पालथं धरलं, तळपायावर चापट्या मारल्या, तोंडातलं पुसून काढलं. माझ्या मैत्रिणीनं मान उचलली. ती बाळाकडे बघत राहिली.

म्हातारीनं फळीवरची काशाची थाळी काढली. मूल जन्मलं की थाळी वाजवायची आपल्याकडे रीत आहेच, पण ती धडाधडा वाजवतात. हिनं तसं केलं नाही. बाळाच्या जवळ बसली आणि उलथन्यानं एकच ठोका दिला. आहेस का. थांबली. तिचे ओठ हलताना मला दिसले, राम राम राम. पुन्हा एक ठोका. पुन्हा थांबली. नर्सबाईंनी आणखी एक चापट मारली. तिसरा ठोका दिला, तो अजून थाळीत घुमतच होता, आणि बाळानं बारीकसा आवाज काढला. मग श्वास घेतला आणि टाहो फोडला. आवाज तिच्या आईसारखा मुळीच नव्हता. पार स्टेशनात ऐकू गेला असेल.

म्हातारीनं थाळी खाली ठेवली. माझ्याकडे वळली. डोळ्यांतून धारा लागलेल्या. माघापासून माझ्याशी एक अक्षर न बोललेली ती बाई म्हणाली, "पोचला गं ठोका."

मी म्हणाले, "पोचला ठोका, मावशी."

तिचा मुलगा धावत आला तेव्हा त्याला लेकीचं तोंड बघू द्यायच्या आधी तिनं दारातच अडवलं. "आदी ती रबराची नळी काड. लोखंडाची घाल." तो बिचारा म्हणाला, "आगं आये, आता तर बोलताय की तुमी. नळाचं काय घिऊन बसलीस?" म्हातारीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याला म्हणाली, "हिची जीब म्हाईत हाय मला. उद्या फिरून भांडलो म्हंजी?"

भांडलो. बारशाच्या आधीच भांडलो, पाण्यावरूनच. पण तोवर नळ लोखंडाचा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत तोटी उघडली आणि पलीकडून ठोके आले, तीन झटपट आणि एक जड, पाठोपाठ दोन. बँकर पाणी मागत होतं. मी उलथनं उचललं, सगळे ठोके जसेच्या तसे परत दिले आणि तोटी बंद केली.